बाळंतपणानंतर स्तनांची शस्त्रक्रिया: विचार कधी करावा, थांबावं कधी

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. बाळाने अंगावरचं दूध पूर्ण सोडून सहा महिने झाले असावेत. त्या सहा महिन्यांत वजन फारसं वर-खाली झालेलं नसावं. आणि पुढच्या मुलाचा विचार मनात नसावा. या तीन गोष्टी जुळल्या, की स्तनांचा आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल प्लास्टिक सर्जनशी बोलायला हरकत नाही. दूध बंद होऊन तीन महिने झाले तरी काही सर्जन तयार होतात. मी मात्र सहा महिने थांबा असंच सांगेन.

आपल्याकडे हा विषय दबक्या आवाजातही निघत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा. बाळंतिणीचं पोट कसं बांधायचं, शेक किती दिवस घ्यायचा, अळिवाची खीर कधी सुरू करायची, यावर अख्खी गल्ली सल्ला देते. छातीबद्दल मात्र एकच प्रश्न: दूध येतंय का? दूध तुटलं की तोही संपला. मग जुने ब्लाउज अंगावर लोंबायला लागतात, एक बाजू दुसरीपेक्षा लहान दिसते, आणि ती बाई कुणालाच काही विचारत नाही. बोललीच तर "दोन पोरांची आई झालीस, आता कशाला हवंय हे?" हे ऐकून घेते. मग मोबाईलवर शोधते आणि तिथं तिला डॉक्टरच्या आधी जाहिरात भेटते.

आपलं शरीर आपल्याला बरं दिसावं असं वाटणं हे थेर नव्हे, आणि आईपणात काही कमी पडल्याचं लक्षणही नव्हे. ज्या बाईला शस्त्रक्रिया हवी आहे तिला पूर्ण माहिती मिळाली पाहिजे. जिला नको आहे तिच्यावर "कर, बरं दिसेल" असा दबाव येता कामा नये. माझी काळजी घाईची आहे. शरीर अजून बदलत असताना घेतलेला निर्णय वर्षभरात चुकीचा ठरू शकतो, आणि त्याचे व्रण कायमचे राहतात.

आत नेमकं काय घडतं

स्तनाच्या आत स्नायू नसतो. दुधाच्या ग्रंथी, त्यांच्या नळ्या, चरबी, हे सगळं धरून ठेवणारे चिवट तंतू आणि वरून त्वचा, एवढाच ऐवज. स्नायू आहे तो त्याच्या पाठीमागे, फासळ्यांवर. व्यायामाने तो मागचा स्नायू भरतो, खांदे सरळ होतात, बाई ताठ उभी राहायला लागते आणि त्यामुळे थोडा फरक दिसतोही. पण सैल पडलेली त्वचा व्यायामाने आवळत नाही. तेलं, मलमं आणि 'सुडौल' करणाऱ्या कॅप्सूल यांनी तर मुळीच नाही. त्यांवर एक रुपयाही घालवू नका.

गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांमुळे दुधाच्या ग्रंथी आणि नळ्या वाढतात. स्तन जड होतात, त्वचा ताणते, आतले तंतूही ताणतात. बाळ प्यायचं थांबलं की ग्रंथींचं काम संपतं आणि त्या आक्रसायला लागतात. त्यांची जागा हळूहळू चरबी घेते, पण हे आठवड्याभरात होत नाही, महिने लागतात. त्वचा तर त्या वेगाने आक्रसतच नाही. उशीतला कापूस कमी झाला आणि अभ्रा तेवढाच राहिला, तसं होतं. दूध तुटल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्तन सर्वांत रिकामे दिसतात, कारण ग्रंथी आटलेल्या असतात आणि चरबी अजून परतलेली नसते. बहुतेक बायका नेमक्या याच काळात घाबरतात आणि चौकशीला लागतात. पुढे काहींचा आकार थोडा भरून येतो, काहींचा येत नाही. कोणाचं काय होईल ते थांबल्याशिवाय कळत नाही, आणि सहा महिन्यांचा आग्रह त्यासाठीच.

एक गैरसमज इथंच खोडते, कारण त्याचा तोटा बाळाला होतो. "अंगावर पाजल्याने छाती ओघळते, म्हणून लवकर तोड" हा सल्ला आजही दिला जातो. अमेरिकेतल्या केंटकीच्या प्लास्टिक सर्जनांनी २००८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणांची संख्या, वय, वजन, गरोदरपणाआधीच्या स्तनांचा मोठा आकार आणि धूम्रपान यांचा ओघळण्याशी संबंध आढळला. अंगावर पाजण्याचा आढळला नाही. जो ताण पडायचा तो गरोदरपणातच पडून जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते तसं पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पाजायचं असेल, तर आकाराच्या भीतीने थांबू नका.

सहा महिने कशासाठी मोजायचे

दूध 'तुटलं' म्हणजे बाळ प्यायचं थांबलं. आतलं दूध पूर्ण आटलं असं त्यावरून धरता येत नाही. दाबल्यावर थेंब-दोन थेंब पुढं बरेच आठवडे, कधी काही महिनेही येतात. ते येतंय का बघायला रोज दाबत बसू नका, त्याने उलट दूध सुरू राहतं. आत दूध असताना शस्त्रक्रिया केली तर कापलेल्या नळ्यांतून ते जखमेत साठतं आणि संसर्गाची भीती वाढते. शिवाय सर्जनचं मापही चुकतं, कारण त्या दिवशीचा आकार खरा नसतो. बाळाने सोडून सहा महिने उलटले, गरोदरपण नाही, आणि तरीही दोन्ही बाजूंनी दूध येतंय, तर प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. काही औषधांमुळेही असं होतं.

वजनाचा हिशोबही असाच. माहेरच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू, तूप, खीर, सगळं प्रेमाने खाऊ घातलं जातं. मग सासरी परतल्यावर रात्रीची जागरणं, घरकाम, शेत, आणि वजन झपाट्याने उतरतं. काहींचं उलट होतं. स्तनात चरबीचा वाटा मोठा, म्हणून वजनाबरोबर आकार बदलतो. आज उचलून घट्ट केलेली छाती पुढं आठ-दहा किलो उतरल्यावर पुन्हा सैल पडते. वजन कमी करायचं ठरवलं असेल तर ते आधी करा आणि टिकवून दाखवा. कुणाला दाखवायचं असेल तर वजनकाट्याला.

रक्ताकडेही बघायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. बाळंतपणात रक्त गेलेलं, त्यात पाजणं, त्यात ताटात उरलेलं खाणं. हिमोग्लोबिन कमी असताना हौसेची शस्त्रक्रिया टेबलावर घेऊ नये. लोहाच्या गोळ्या घेऊन ते वर यायला काही महिने लागतात. म्हणजे ही थांबण्याची मुदत फुकट जात नाही.

पुढच्या मुलाचं गणित सरळ आहे: पुन्हा गरोदर राहिलात की पुन्हा ताण. आपल्या भागात बऱ्याच जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन पंचविशीच्या आतच झालेलं असतं, त्यामुळे हा प्रश्न सुटला असं त्या धरतात. ज्यांचं झालेलं नाही, ज्यांचा पक्का निर्णय नाही, किंवा घरात "एक मुलगा व्हायला हवा होता" अशी कुजबुज अजून चालू आहे, त्यांनी थांबावं. शस्त्रक्रियेनंतर पाजता येईल का, हा प्रश्न त्यांच्यासाठी मोठा. आकार लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत ग्रंथी आणि नळ्या कापल्या जातात, त्यामुळे दूध कमी पडण्याची शक्यता खरी आहे. इम्प्लांट, म्हणजे आकार भरण्यासाठी आत बसवायची सिलिकॉनची पिशवी, स्तनाखालच्या घडीतून घातलं तर धोका कमी. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावर छेद घेतला तर जास्त. सर्जनने विचारलं नाही तरी पुढं पाजायचा विचार असेल तर तो आपण होऊन सांगा.

मनाचं काय? बाळंतपणानंतरचं नैराश्य आपल्याकडे ओळखलंच जात नाही. बाई सतत रडवेली आहे, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, आरशात बघवत नाही, आपण निरुपयोगी झालो असं वाटतं. यातली 'आरशात बघवत नाही' एवढीच तक्रार ती मोठ्याने बोलते, कारण तेवढीच बोलायला सोपी. अशा वेळी छातीवर शस्त्रक्रिया करून मूळ दुखणं जात नाही. आधी त्यावर उपचार घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर, मोफत. आणि नवऱ्याच्या टोमण्यामुळे कुणी हा विचार करत असेल तर मी कळकळीने सांगते, टोमणे मारणाऱ्याचं समाधान शस्त्रक्रियेने होत नाही. तो दुसरं काहीतरी शोधतो.

यात मात्र एक दिवसही थांबू नका

वर जे थांबा म्हटलं ते सगळं आकाराबद्दल. गाठीला ते लागू नाही.

स्तनात किंवा काखेत कडक गाठ लागली, एकाच बाजूच्या स्तनाग्रातून रक्ताळ पाणी येतंय, पूर्वी सरळ असलेलं बोंड आत ओढलं गेलंय, त्वचेवर खळगा पडलाय किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय, तर ती सौंदर्याची तक्रार नव्हे. पाजणाऱ्या बाईच्या गाठीला "दुधाची गाठ असेल" म्हणून सोडून द्यायची सवय फार जुनी आहे. बऱ्याचदा ती दुधाचीच असते, हेही खरं. पण दूध उतरवून, शेकून, एक-दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी व्हायलाच हवी. पाजत असताना सोनोग्राफी करता येते, तिने बाळाला काही होत नाही. लालसर, गरम, दुखरी छाती आणि ताप असेल तर बहुधा संसर्ग असतो आणि औषधाने उतरतो. औषधाचा पूर्ण कोर्स घेऊनही लाली जात नसेल तर पुन्हा तेच औषध घेत घरी बसू नका. कर्करोगाचा एक प्रकार अगदी संसर्गासारखाच दिसतो.

काखेतल्या एका फुगवट्याने मात्र बायका विनाकारण घाबरतात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं तेव्हा काखेतही मऊ गोळा येतो. तिथं जन्मापासून स्तनाचा थोडा भाग असतो, तोही दुधाने फुगतो. बहुतेकदा आपोआप उतरतो. डॉक्टरांना एकदा दाखवून खात्री करून घ्या. वर्षभराने तो खुपत राहिला, ब्लाउजच्या बाहीत अडकत राहिला, तर काढता येतो.

शस्त्रक्रिया ठरली तरी त्याआधी स्तनांची तपासणी आणि सोनोग्राफी, चाळिशी ओलांडली असेल तर मॅमोग्राफीही (स्तनांचा एक्स-रे), करून घ्यावी. नंतर आत व्रण तयार होतात, आणि आधीचं चित्र हाताशी असलं तर पुढच्या डॉक्टरला फरक कळतो.

काय काय करता येतं

'ओघळणं' मोजण्याची एक पद्धत मॉन्ट्रियलच्या सर्जन पॉल रेन्यो यांनी १९७६ साली मांडली, ती आजही जगभर वापरतात. आरशासमोर ब्रा न घालता सरळ उभ्या राहा. स्तनाखाली जी घडी पडते तिच्या रेषेत पेन्सिल आडवी धरा आणि बाजूने बघा. बोंड पेन्सिलीच्या वर असेल तर खरं ओघळणं नाही, नुसतं रिकामेपण असू शकतं. रेषेवर आलं असेल तर सौम्य. रेषेच्या खाली गेलं पण स्तनाच्या सर्वांत खालच्या टोकाला नाही, तर मध्यम. आणि थेट जमिनीकडे बघत असेल तर जास्त. एवढं घरी बघून गेलात तर दवाखान्यातलं अर्धं बोलणं समजतं, कारण उपाय यावरूनच ठरतो.

ओघळ असेल तर स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया. यात जादाची त्वचा काढतात, बोंड वरच्या जागी नेतात, आतलं उरलेलं भरण नीट रचतात. याने आकार मोठा होत नाही, उलट किंचित लहान वाटतो, आणि हे माहीत नसल्यामुळे अनेकींची निराशा होते. व्रण राहतात: बोंडाभोवती गोल, तिथून खाली सरळ, आणि ओघळ जास्त असेल तर घडीतून आडवा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत व्रण जाड किंवा काळसर होण्याची प्रवृत्ती गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. तुमची प्रवृत्ती तुमच्याच अंगावर लिहिलेली असते. सिझरचा व्रण बघा. नाक-कान टोचलेल्या जागी गाठ आली होती का, आठवा. दंडावरची बीसीजी लसीची खूण फुगलेली आहे का, बघा. असेल तर सर्जनला पहिल्याच भेटीत दाखवा.

बोंड जागेवर आहे पण भरण गेलं आहे, तिथं इम्प्लांटचा पर्याय येतो. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथं बसवलं गेलं. त्यानंतर ते पुष्कळ सुधारलं, तरी एक गोष्ट बदललेली नाही: ते जन्मभरासाठी नसतं. कधीतरी फुटू शकतं, त्याच्याभोवती शरीर जे आवरण बनवतं ते आवळून छाती कडक होऊ शकते, आणि पंचविशीत बसवलेलं इम्प्लांट आयुष्यात बदलावं किंवा काढावं लागण्याची शक्यता मोठी. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग आढळल्यामुळे एका मोठ्या कंपनीने तसली इम्प्लांट २०१९ साली जगभरातून परत घेतली. अमेरिकेचं औषध प्रशासन सिलिकॉन इम्प्लांट बसवलेल्यांना पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा, असा सल्ला देतं. त्याचा खर्च आणि बेळगावच्या किंवा मिरजेच्या फेऱ्या आजच्या हिशोबात धरा. हे सगळं ऐकूनही हवं असेल तर जरूर घ्या, फक्त ऐकून घ्या.

पोट-मांडीची चरबी काढून स्तनात भरण्याचाही मार्ग आहे. परकं काही अंगात राहत नाही, पण भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे एकदा करून पुरेलच असं नाही.

आणि छाती फार जड असेल तर? या बायकांची दखल सर्वांत कमी घेतली जाते. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खोलगट वळ, मान-पाठ सतत दुखते, आणि स्तनाखालच्या घडीत घाम साठून लाल, खाजरे चट्टे. खानापूरकडच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, दमट ब्लाउज तसाच अंगावर चढतो आणि ते चट्टे दिवाळीपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया अशा बाईसाठी हौस नसते, तो उपचार असतो. तिला लवकर बोलायला हरकत नाही, मात्र दूध आटण्याचा नियम तिलाही आहे.

त्याआधी सगळ्यांनीच एक साधी गोष्ट करून बघा. बाळंतपणानंतर माप बदलतं, पण बेळगावच्या खडेबाजारात जाऊन आपण जुनाच नंबर सांगतो, कारण काउंटरवर पुरुष उभा असतो आणि लवकर निघायचं असतं. घरी टेपने स्तनांच्या खालून एकदा आणि सर्वांत भरलेल्या जागेवरून एकदा माप घ्या, ते चिठ्ठीवर लिहून न्या. भार खालच्या पट्ट्याने पेलला पाहिजे, खांद्यांनी नव्हे. बऱ्याच जणींची पाठदुखी आणि आरशातली निम्मी तक्रार एवढ्याने कमी होते.

तंबाखू, मशेरी आणि लपवलेलं उत्तर

शस्त्रक्रियेत कापलेल्या त्वचेला रक्तपुरवठा बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. निकोटिन या वाहिन्या आकुंचित करतं. मग टाके उसवतात, कडा काळ्या पडतात, फार वाईट झालं तर बोंडाचा भागच मरतो. म्हणून आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे निकोटिन पूर्ण बंद लागतं.

आता दवाखान्यात काय होतं ते सांगते. डॉक्टर इंग्रजी फॉर्म बघत विचारतात, "स्मोकिंग?" बाई म्हणते, नाही. खरंच आहे, तिने बिडी-सिगारेट कधी हातातही धरली नाही. "तंबाखू खाता?" नाही. तेही खरं. पण रोज सकाळी चुलीपाशी बसून ती मशेरी लावते, दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा लावते, आणि त्याला ती तंबाखू समजतच नाही; तिच्या लेखी ते दात घासणं. शेजारी सासू उभी असेल तर विचारूच नका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, हिरड्यांतून तिचं निकोटिन थेट रक्तात जातं. निपाणी भागात वखारीत जर्दा चाळणाऱ्या, पाला हाताळणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या बायका तर दिवसभर तंबाखूतच असतात. हे काम करत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि लपवलं तर जखम ते उघड करतेच.

कुणाकडे जायचं, सही कुणाची, पैसे किती

ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जनने करायची असते. एमबीबीएसनंतर एमएस आणि त्यावर एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी, असं शिक्षण साधारणपणे असतं. पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट', 'एस्थेटिक तज्ज्ञ' असं लिहिलं म्हणून कुणी सर्जन होत नाही. पदवी विचारायला संकोचू नका. कर्नाटकात खासगी दवाखान्यांना २००७ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे, प्रमाणपत्र आणि दर लावलेले असायला हवेत. भूलतज्ज्ञ कोण, अतिदक्षता विभाग आहे का, रात्री कोण थांबतं, हेही विचारा. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर २१ वर्षांच्या एका कन्नड अभिनेत्रीचा जीव गेला. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन म्हणजे किरकोळ ऑपरेशन, हा समज किती महागात पडतो ते त्या वेळी सगळ्या राज्याने पाहिलं. पोट आणि छाती एकाच दिवशी करून देणारी 'मॉमी मेकओव्हर'ची पॅकेजंही आता आपल्या फोनवर पोचली आहेत. जितका वेळ भूल जास्त, तितका रक्तस्रावाचा आणि पायात गुठळी होण्याचा धोका जास्त. एकेक करा.

सही तुमची. संमतीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतो, आणि आपल्यातल्या कित्येक जणी तो न वाचताच नवऱ्याकडे सरकवतात. मराठीत समजावून सांगा, असं म्हणा. बेळगावच्या दवाखान्यात मराठी बोलणारी एक तरी सिस्टर असतेच. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी एका खटल्यात स्पष्ट केलं आहे, की सज्ञान बाईच्या शरीरावरच्या शस्त्रक्रियेला तिचीच संमती लागते. त्या प्रकरणात बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठं ऑपरेशन केलं होतं, आणि न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. डॉक्टरने धोके, पर्याय आणि काही न केल्यास काय होईल हे आधी सांगायचं असतं, हेही त्याच निकालात आहे.

पैशाची तयारी स्वतःची. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे जड छातीमुळे पाठ-मान दुखत असेल तर तसं डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या आणि विमा कंपनीला आधी विचारा. आयुष्मान कार्ड किंवा महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केलेली महात्मा फुले योजना, यांच्या भरवशावर आकाराच्या शस्त्रक्रियेचं ठरवू नका. कर्करोगाच्या उपचारासाठी मात्र या योजनांची चौकशी जरूर करा. सौंदर्यशस्त्रक्रियेवर जीएसटीही लागतो, तो सांगितलेल्या आकड्यात धरलाय का ते विचारून घ्या. कर्ज काढून, दागिने गहाण टाकून हे करू नये असं माझं ठाम मत आहे.

नंतरचे दिवस

चार ते सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. दीड-दोन वर्षांचं पोर दहा-बारा किलोचं असतं, आणि ते "उचल" म्हणून दोन्ही हात वर करून उभं राहतं. त्याला खाली बसून जवळ घेता येईल, उचलता येणार नाही. नळाला पाणी आलं की घागरी भरणं नाही, म्हशीची धार काढणं नाही, परातभर कणीक मळणं नाही. घरात हे कोण करणार याचं उत्तर तारीख घेण्याआधी मिळालं पाहिजे. बहीण किंवा आई येऊन राहणार असेल, तर तिच्या सवडीने तारीख घ्या. सुगीत आणि ऊसतोडीच्या दिवसांत कुणाला सवड नसते.

आधार देणारी ब्रा रात्रंदिवस, सर्जन सांगेल तोवर. व्रण आधी लाल आणि टणक होतात, फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. बोंडाची संवेदना काही महिने कमी राहते, काहींची पूर्ण परतत नाही. इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी आणि क्रमांक असतो. ते कार्ड जमिनीच्या कागदांसारखं जपून ठेवा, फोटो काढून फोनमध्येही ठेवा, आणि पुढं कधीही मॅमोग्राफीला गेलात तर मशीनसमोर उभं राहण्याआधी इम्प्लांट असल्याचं सांगा.

निपाणीची बाई कोल्हापुरात किंवा अथणीची मिरजेत ऑपरेशन करून त्याच संध्याकाळी घरी परतायचा हट्ट धरते, कारण पोर घरी असतं. पहिल्या रात्री तरी दवाखान्याजवळच राहा. एका बाजूची छाती अचानक टणक होऊन फुगली, दुसरीपेक्षा डोळ्यांत भरेल इतकी मोठी झाली आणि दुखणं वाढत चाललं, तर आत रक्त साठत असतं. छातीत दुखून धाप लागली, एका पायाची पोटरी सुजली, तर ती गुठळी असू शकते. यात सकाळची वाट बघायची नसते. डिस्चार्जचा कागद हातात घ्यायचा, गाडी मिळेल ती करायची आणि निघायचं.